नमुन्याची सही

विद्यापीठातून सोनिकाचा अर्ज परत आला, तेव्हा मी स्टाफरूमच्या खिडकीपाशी उन्हात बसून सेकंड इयरच्या चाचणीचे पेपर तपासत होते. अर्जाला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली होती. 'शोधार्थी के हस्ताक्षर पंजीयन-पत्र से मेल नहीं खाते.' एकदा वाचलं तेव्हा काहीच वाटलं नाही, कारण विद्यापीठाचे बाबूलोक कुठल्याही कागदावर काहीतरी खोट काढल्याशिवाय जेवत नाहीत. दुसऱ्यांदा वाचलं आणि मला एवढा आनंद झाला, की लाल पेनाचं टोपण हातात असून मी ते टेबलावर शोधत राहिले. आठ दिवसांपूर्वी हाच अर्ज सोनिकाच्या नवऱ्यानं, सौरवनं, कुणाबरोबर तरी कॉलेजात पाठवला होता. पारिवारिक कारणों से मेरा पीएच.डी. पंजीयन निरस्त किया जाए. म्हणजे नोंदणीच रद्द करा. खाली सही. मी तिची गाइड. ती स्वतः आली नाही, फोन केला नाही, याचा मला राग आला होता, आणि रागाच्या भरात मी वरची सही नीट न बघता खाली 'अग्रेषित' लिहून टाकलं होतं. आता चष्मा पुसून बघितलं. तिरपी, घाईची अक्षरं, वर रेघ नाही, खाली मात्र शेपटीसारखा फटकारा. ही सोनिकाची सही नव्हतीच. पाच वर्षं जिचं पान न् पान मी वाचलं, तिची सही मला अंधारात ओळखू येईल. म्हणजे पोरीनं संशोधन सोडलेलं नाही. तिच्या नावानं दुसऱ्याच कुणी सोडलंय. एखाद्याची फसवणूक झाली हे कळून दुसऱ्या माणसाला इतकं हलकं वाटावं, हे काही बरं नव्हे. पण मला वाटलं खरं.

उरलेले पेपर पिशवीत कोंबून मी निघाले. दारात बळवंत सर भेटले. ते आमचे विभागप्रमुख, माझ्यापेक्षा नोकरीत सहा वर्षांनी लहान. "शामलाताई, आठ मार्चच्या सेमिनारचं बघताय ना? विषय तोच ठेवू, राजनीति में महिलाओं की भूमिका. मंचावर कोण कोण ते मी फायनल करतो. संचालन तुमचंच. तुमच्यासारखं सूत्रसंचालन कुणाला जमत नाही." गेल्या वर्षी त्या मंचावर सात पुरुष होते. आठवी खुर्ची एका बाईसाठी ठेवली होती, त्या आल्या नाहीत, म्हणून तिथे हार ठेवले. मी माइकपाशी उभी राहून तीन तास महिलांच्या भूमिकेवर सातजणांना आमंत्रित करत होते. पुष्पगुच्छ देणाऱ्या मुली, दीपप्रज्वलनाची काडेपेटी, पाहुण्यांच्या चहात साखर किती, आणि शेवटी अहवाल. अहवाल मी लिहायचा, सही सरांची. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. तीस वर्षं झाली, अंगवळणी पडलंय. त्या दिवशी सुद्धा मी "हो सर" म्हटलं आणि ई-रिक्शात बसले.

फूलबागेपाशी रिक्शा अडकली. समोर संक्रांतीच्या शुभेच्छांचं होर्डिंग होतं. त्यावर सौरव कमरेपासून वर, हात जोडलेला, आणि त्याच्या कोपराखाली एका गोलात सोनिका, डोक्यावर पदर. 'आपकी अपनी पार्षद.' पार्षद म्हणजे नगरसेविका. रिक्शावाला कुणालातरी शिव्या घालत होता आणि मी त्या गोलातल्या चेहऱ्याकडे बघत होते. हीच मुलगी पहिल्यांदा माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या खांद्यावर कापडी झोळी होती आणि तिनं मला बजावलं होतं, "मॅडम, मी लायब्ररीत बसून नाही करणार. मला बायकांच्या घरी जायचंय." विषय तिनंच काढला होता, 'नगर निगम की महिला पार्षद: निर्णय किसका?' नगर निगमात निम्म्या जागा बायकांच्या, पण त्या निम्म्यांत प्रत्यक्ष बोलतं कोण, हे तिला मोजायचं होतं. ती एकोणीस जणींच्या घरी गेली. ग्वाल्हेरच्या, मुरैन्याच्या, भिंडच्या. चौदा घरांत प्रश्नांची उत्तरं नवऱ्यानं दिली. पार्षद पति म्हणून त्यांचं स्वतंत्र व्हिजिटिंग कार्ड असतं, ती कार्डं तिनं वहीत चिकटवली होती. आणि समासात प्रत्येक बाईबद्दल एक ओळ. उत्तर दिलं जात असताना ती कुठे होती. 'चाय छान रही थीं', म्हणजे चहा गाळत होत्या. 'परदे के पीछे, पाँव दिख रहे थे.' 'सामने बैठी थीं, मुस्करा रही थीं.' हे शास्त्रीय नाही म्हणून बळवंत सरांनी ते समास काढून टाकायला सांगितले. मी तिच्या बाजूनं भांडले. माझ्या आयुष्यात मी विभागात तेवढं एकदाच भांडले असेन.

तिची सही मला त्या वहीमुळेच पाठ झाली. प्रत्येक मुलाखतीखाली तारीख आणि सही. आपण सगळे आधी अक्षरं काढतो, मग वर रेघ ओढतो. ती आधी लांबलचक रेघ ओढायची, पट्टीनं आखावी तशी सरळ, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगायची. फक्त सोनिका. आडनाव नाही. मी म्हटलं होतं, अगं, ही कसली उलटी रीत? ती हसली. "मैडम, पहले छत डाल दो, फिर नीचे कोई भी रह ले." आडनावाचं विचारलं, तर म्हणे, "मार्कशीटवर बाबांचं, आधारवर सौरवचं. सहीत तरी मला एकटी राहू द्या." विद्यापीठाच्या नोंदणीपत्रावर मी साक्षीदार होते. छत पडलं, घर झालं, आणि तिनं कागदावर फुंकर मारली.

मग तिच्या सासरचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. सोनिकाचे सासरे दौलतसिंह पक्षाचे जुने कार्यकर्ते, त्यांना तिकीट हवं होतं, आणि घरात शिकलेली बोलकी सून होती. सोनिका त्या संध्याकाळी माझ्याकडे आली. बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "मॅडम, माझी इच्छा नाहीये. दोन चॅप्टर राहिलेत. तुम्ही पापाजींना सांगा ना, तुमचं ऐकतील." इथं मी चुकले. माझ्या हातून पुष्कळ बारीकसारीक चुका झाल्या असतील, पण आयुष्यात जिला चूक म्हणावं अशी ही एक. मी सांगायला गेले, आणि उलटंच सांगून आले. कपाटातली चंदेरी काढून नेसले, त्यांच्या बैठकीत दौलतसिंहांच्या समोरच्या खुर्चीवर बसले, आणि वर्गात देते तसं व्याख्यान दिलं. जिला सगळं माहीत आहे, चौदा घरांतला खेळ जिनं डोळ्यांनी बघितलाय, तीच निवडून जायला हवी. तिला कोण फसवणार? कुर्सी पर बैठने से ही कुर्सी की आदत पड़ती है, असंही म्हणाले. वाक्य माझं मलाच आवडलं होतं. सोनिका दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बोलायची थांबले असते तर तिला दिसलं असतं, की ही बाई स्वतः कधी कुठल्या खुर्चीवर बसली नाही. शिक्षक संघाच्या अध्यक्षपदाचा अर्ज भरून झाला होता माझा, बारा वर्षांपूर्वी. बळवंत सर घरी आले, चहा प्याले, म्हणाले, ताई, तुम्हाला उपाध्यक्षपद शोभून दिसेल. मी दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घेतला. माझ्या यजमानांनी, अभिरामनी, फक्त एवढंच विचारलं, "मग त्याला चहा कशाला दिलास?" हे सोनिकाला मी कधी सांगितलं नाही. मला जे धाडस झालं नाही, ते मी तिच्या नावावर करून आले.

कंपू भागात तिच्या घराशी उतरले, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. खालच्या मजल्यावर वॉर्ड कार्यालय. आत दहा-बारा माणसं बाकावर, आणि टेबलामागे सौरव. मला बघून ताडकन उठला, वाकून पाया पडला. चांगला मुलगा आहे, हेच तर वाईट आहे. कुणी दुष्ट असतं तर मला किती सोपं गेलं असतं. "मॅडम! अहो फोन करायचा, गाडी पाठवली असती. बसा, बसा. बस दो मिनट, ह्यांचं पेन्शनचं काम करतो." आणि त्यानं माझ्यासमोर, काहीही न लपवता, एकामागून एक चार लेटरहेडवर सह्या केल्या. तिरपी अक्षरं, वर रेघ नाही, खाली फटकारा. सोनिका. सोनिका. सोनिका. सोनिका. शिक्का मारायला त्यानं वेळ लावला, सहीला नाही. पिशवीत तो अर्ज होता, आणि चोर माझ्यासमोर बसून मला चहा की कॉफी विचारत होता. मी म्हटलं, सोनिकाला भेटायचंय. "वर आहे ना, गच्चीवर. आईपण आहे. जा ना मॅडम, तुमचंच घर."

जिन्यावर मी वाक्यं जुळवत होते. विद्यापीठानं पकडलंय. तुझी सही नाही, म्हणून अर्ज रद्द. तुझी नोंदणी शाबूत आहे. मार्चपर्यंत मुदत आहे, दोन चॅप्टर मी बसून करून घेते, माझ्या घरी ये, कुणाला सांगू नकोस. एखाद्या मुलीला पळवून न्यायला आल्यासारखी मी एकेक पायरी चढत होते, गुडघे दुखतायत हेही विसरून.

गच्चीवर चटईवर तिच्या सासूबाई, विजयाबाई, आणि ती मटार सोलत बसल्या होत्या. सोनिका जाड झाली होती थोडी. मला बघून उठली आणि गळ्यातच पडली, तिच्या हाताला मटाराचा हिरवा वास होता. विजयाबाई "बसा, मी चहा टाकते" म्हणून खाली गेल्या. जाताना ऊन डोळ्यांवर येईल म्हणून त्यांनी माझ्यासाठी चटई फिरवून ठेवली. मी लगेच अर्ज काढला. चिठ्ठी वाचून दाखवली. म्हटलं, "बघ, देवानंच वाचवलं. ही तुझी सही नाही, हे त्या बाबूला पण कळलं."

तिनं कागद हातात घेतला, सही बघितली. मग म्हणाली, "माझीच आहे, मॅडम."

"अगं, मी आत्ता खाली सौरवला करताना बघितलंय."

"ते पण करतात. पण ही मी केलीय. इथंच बसून." तिनं कागद गुडघ्यावर सरळ केला. "शपथ झाली ना, त्या दिवशी खूप गर्दी होती. घरी मिठाई, लोक, फोटो. निगमचे फॉर्म आले होते, नमुना हस्ताक्षर वाले, एकदा दिलेली सहीच पुढे चालते ते. बँकेचे पण. सौरव म्हणाले, तू थक गई है, मी करतो. मी म्हटलं, करा. बस. इतनी सी बात थी."

मग तिनं मला त्या म्हातारीची गोष्ट सांगितली. निवडून आल्यावर तीन-चार महिन्यांनी एक विधवा बाई पेन्शनच्या कागदासाठी आली होती. सौरव भोपाळला. सोनिकाला इतका आनंद झाला, की तिनं स्वतः खाली जाऊन, टेबलामागच्या खुर्चीवर बसून, पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं आणि सही केली. छत, मग घर. बाई निगममध्ये गेली. परत पाठवली. सही जुळत नाही. सोनिकानं दुसरं पत्र दिलं, तीच सही जरा नीट करून. दुसऱ्यांदा परत. ती म्हातारी पडावपासून पायी आली होती, थंडीत, आणि तिनं सोनिकाच्या तोंडावर विचारलं, "बेटा, किसी और से दस्तखत करवा दिए क्या? पार्षद जी से करवा दे ना." शेवटी सौरव आला, त्यानं सही केली, आणि काम झालं.

"बदलून घ्यायची ना मग, नमुना!" मी ओरडलेच.

"गेले होते. साहेब म्हणाले, मैडम, फिर जितने कागज अब तक निकले, सब पे सवाल उठेगा. एक हज़ार लोगों के काम अटकेंगे." ती एक शेंग उचलून नुसतीच दाबत होती. "लोकांची काय चूक, मॅडम? मग मी शिकून घेतली. त्यांच्या सहीचा कागद समोर ठेवला आणि रोज दुपारी बसून गिरवली. पंधरा दिवस लागले. आता आमच्या दोघांची एकदम सेम येते. आता सौरव नसले तरी कुणाचं काम नाही थांबत." हे सांगताना तिला थोडा अभिमान होता. तो मला सहन झाला नाही. मी गच्चीच्या कठड्याकडे बघायला लागले. पलीकडे किल्ला होता, तो इथं असतोच. मला आपल्या बाईपणाचा, शिकवण्याचा, त्या चंदेरीचा, सगळ्याचा संताप आला, आणि त्या संतापाला कुठं ठेवायचं ते कळेना. माणसाची सही दुसराच करतो, हे मी पुस्तकातून शिकवलं होतं. स्वतःचीच खोटी सही शिकायला एक बाई पंधरा दुपारी गिरवत बसते, हे माझ्या कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं.

"प्रबंध का सोडतेस मग? हे घाल ना त्यात. हेच तर लिहायचं असतं."

"सौरवना पुढच्या वेळी स्वतःला उभं राहायचंय. घरात म्हणतात, विरोधी लोक तो प्रबंध वाचून दाखवतील चौकात." मग तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "पण ते नाही, मॅडम. त्यांच्याशी मी भांडले असते. तुम्हाला ते समास आठवतात? चाय छान रही थीं. पाँव दिख रहे थे. मी किती हसत लिहिलं होतं ते. उन्नीस औरतें थीं. अब मैं वो कॉपी खोलती हूँ तो बीसवीं का समास मुझे दिखता है. ते मी कसं लिहू? आणि ते न लिहिता बाकीच्यांचं कसं छापू?"

मी रडले. तिच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडले. म्हटलं, "मी तुला ढकललं गं." ती "नाही हो मॅडम" म्हणाली नाही. माझा हात धरून बसली. ते तिनं बरोबर केलं. विजयाबाई चहा आणि तिळाची गजक ठेवून गेल्या, आमच्याकडे न बघता.

"आता काय करावं लागेल?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. पार्षदबाईंचा आवाज होता तो, लोकांची कामं मार्गी लावणारा. चिठ्ठीच्या खाली लिहिलेलंच होतं. एकतर गाइडनं प्रमाणपत्र द्यायचं, की ही सही शोधार्थीचीच आहे आणि मी ती ओळखते. नाहीतर शोधार्थीनं मूळ नमुन्याप्रमाणे पुन्हा सही करायची. मी म्हटलं, "मी नाही लिहून देणार. मी ही सही ओळखत नाही." माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. मनात म्हटलं, राहू दे कागद असाच लटकलेला. मार्चपर्यंत काहीही होऊ शकतं. नोंदणीपत्रावरची ती सही अजून विद्यापीठात जिवंत आहे, आणि या पोरीला ती आता येत नाही. देवाला काळजी.

"ठीक है," ती म्हणाली. मटाराच्या सालींखालचा पेपर तिनं ओढून घेतला, साली बाजूला झटकल्या, माझ्या पिशवीला अडकवलेलं लाल पेन घेतलं. पहिल्यांदा हात आपोआप तिरपा गेला आणि खाली फटकारा आला. ती हसली, "देखो!" दुसऱ्यांदा तिनं आधी रेघ ओढली, पण ती आखूडच पडली, 'का' उघड्यावर राहिला. तिसऱ्यांदा वाकडी झाली. चौथ्यांदा तिनं डोळे मिटले, श्वास घेतला आणि वर्तमानपत्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब सरळ रेघ ओढली. डोळे उघडले. जीभ दातांत धरून एकेक अक्षर खाली टांगलं. सो. नि. का. तीच, वहीतली. तिनं पेपर दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला, आणि तिचा चेहरा असा झाला होता, जसा पहिला चॅप्टर मंजूर झाला त्या दिवशी होता.

"आली, मॅडम! अजून येते!"

ते बघून माझं मन भरून आलं, इतकं, की ती पुढे काय करतेय ते माझ्या ध्यानातच आलं नाही. तिनं अर्ज गुडघ्यावर घेतला. पिशवीतून निळं पेन शोधून काढलं. पारिवारिक कारणों से, या ओळीखाली, त्या तिरप्या सहीच्या शेजारी, तिनं संथपणे छत घातलं आणि त्याखाली आपलं नाव लिहिलं. अगदी नोंदणीपत्रावर होतं तस्सं. आता कुठलाही बाबू तो अर्ज परत पाठवणार नव्हता. तिनं कागदावर फुंकर मारली आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर आलं का विचारतात तसं.

मी कागद हातात घेतला, चष्मा सारखा केला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास."